कुलपाआडचा डोळा

ग्राइंडिंगवर काम करताना आमच्या ह्यांच्या डोळ्यात कण गेला. कंपनीनं चष्मा दिला होता. तो गळ्यात होता. जखम चिघळली, डोळ्यात फूल पडलं आणि वर्षभरानं पुण्यात कुणा मेलेल्या माणसाच्या डोळ्याचा पुढचा पडदा काढून ह्यांना बसवला.

घरी सोडताना डॉक्टरांनी मला समजावलं. टाके पक्के आहेत, पण पडद्यावर अजून साय, म्हणजे वरची पातळ त्वचा, धरलेली नाही. ती ह्यांच्याच डोळ्याच्या कडेनं हळूहळू सरकत येणार. आली नाही तर जंतू शिरतील आणि बसवलेला पडदा जाईल. म्हणून डोळा पट्टीखाली मिटलेला हवा.

पण हे आमच्या काळेवाडीतल्या माणसांना कोण सांगणार? आमच्या चाळीत आजाऱ्याला भेटायला न जाणं म्हणजे वैर धरल्यासारखं. पहिली शिफ्ट सुटली की माणसं बिस्किटांचा पुडा घेऊन येत, चहा पीत आणि कप खाली ठेवता ठेवता म्हणत, "दाखवा की राव." हे लगेच पट्टी सोडायला तयार. आयुष्यात पहिल्यांदाच ह्यांच्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी होतं. एकानं तर डोळा बाईचा आहे, हे नुसतं बघून सांगितलं.

तपासणीला डॉक्टरांनी डोळ्यात रंगाचा थेंब टाकून निळा उजेड पाडला. साय नसते तिथं हिरवं दिसतं. ज्वारीच्या दाण्याएवढं हिरवं मलाही दिसलं. पुढच्या वेळीही असंच राहिलं तर आशा कमी, असं ते म्हणाले. मी फार घाबरले.

त्या दिवसापासून शिफ्ट सुटायच्या वेळी मी पुढच्या दाराला बाहेरून कुलूप घालून मोरीच्या दारानं आत शिरायला लागले. माणसं यायची, "गावाला गेली वाटतं," म्हणायची आणि पुडा शेजारी देऊन जायची. शेजारीण सामील होती. तिच्या पोरांनी बिस्किटं संपवली. आत हे हाक मारायला तोंड उघडायचे आणि मी त्यावर हात दाबायचे.

पुढच्या तपासणीला निळ्या उजेडात हिरवं कुठंच नव्हतं. औषध वेळेवर घातलेलं दिसतंय, असं डॉक्टर म्हणाले. मी हो म्हटलं. कुलपाचं काही बोलले नाही.

ह्यांनी चांगला डोळा तळहातानं झाकला आणि नव्या डोळ्यानं माझ्याकडे बराच वेळ बघितलं.

"धूसर आहे," ते म्हणाले. "पण तू पदर डोळ्याला लावलायस."

बरोबर होतं.