वळणावर झुकायचं कुणी

माझ्या सासूबाईंना गाडी लागते. एसटी असो, काळीपिवळी असो, चिखलीचा स्टँड मागे पडत नाही तोच त्या पदर तोंडाला लावतात. त्यामुळे अमडापूरच्या पुढे शेतात राहणाऱ्या त्यांच्या धाकट्या बहिणीला अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा आमच्या घरात आधी प्रश्न उभा राहिला तो जायचं कसं याचा. एकदा त्या एसटीनं गेल्याही. पण तिथं पोचल्यावर आजारी बहीण राहिली बाजूला, यांनाच खाटेवर आडवं करून लिंबू-पाणी द्यावं लागलं.

बहिणीचं डावं अंग गेलं होतं, जीभ मात्र शाबूत होती. थोडी जड, पण बोलायची भरपूर. दुसरा झटका येऊ शकतो, तेव्हा भेटून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. सासूबाईंना दर रविवारी तिच्याशी बोलायला जायचं होतं. माझ्या नवऱ्याचं दुकान मलकापूरला, रविवारीही तो तिकडंच. राहिले मी आणि माझी स्कूटी. मोकळ्या हवेत त्यांना मळमळत नाही, हा शोध आम्हाला दवाखान्यात जाता-येता लागला होता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीला गतीचे नियम माझ्याकडंच असतात. पुढे जाणारी वस्तू आपणहून वळत नाही, ती नाकासमोर जाऊ पाहते, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. दुचाकी वळवायची तर तिला आतल्या अंगाला झुकवावं लागतं आणि बसणाऱ्यानंही तिच्याबरोबर झुकायचं असतं. सासूबाई नेमकं उलट करायच्या. एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, मांडीवर पिशवी, एक हात मागच्या दांडीला घट्ट. गाडी डावीकडं कलली की या उजवीकडं अंग टाकणार. मग गाडी वळायच्या ऐवजी रस्ता ओलांडून पलीकडं निघायची आणि माझे दंड भरून यायचे.

"आई, तुम्ही काऊन तिकडं झुकता?"

"पडून राह्यली ना ते गाडी, म्हनून मी सावरून राह्यली."

"तुमच्या सावरण्यानंच पडेल ती."

"तू हळू चालव."

आता हळू चालवली की दुचाकी जास्तच डुगडुगते, हे यांना कोण सांगणार? मी सांगितलं. घरी चहाच्या कपबशा मांडूनही सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. माझा स्वभाव तसा तापटच. वर्गात एकदा सांगून कळलं नाही की आवाज चढतो, आणि घरी आवाज चढवायची सोय नाही. मी धुमसत गाडी चालवायचे.

दुसऱ्या का तिसऱ्या रविवारी आम्ही पडलोच. डांबरी रस्ता सोडून शेताकडं जाणाऱ्या मुरमाच्या वाटेवर डावीकडं वळायचं होतं. त्या उजवीकडं रेलल्या, मी हँडल आणखी दाबलं, सुट्या मुरमात चाकाला पकड मिळाली नाही आणि पुढचं चाक घसरलं. वेग काहीच नव्हता म्हणून वाचलो. त्यांचं कोपर सोललं, माझा गुडघा, आणि बहिणीसाठी केलेले मेथीचे लाडू वाटभर झाले. त्या उठल्या, लुगडं झटकलं आणि म्हणाल्या, "मले नाही बसा लागत तुह्या गाडीवर."

त्यानंतरचे तीन रविवार त्या घरीच बसल्या. बहीण फोनवर बोलायची, पण जड जिभेचं ते बोलणं फोनमध्ये कळायचं नाही. या नुसत्या "हाव, हाव" म्हणत राहायच्या आणि फोन ठेवल्यावर मला विचारायच्या, "काय म्हने व ते?" मला तरी काय कळणार? मला राग यायचा आणि त्यांची कीवही यायची.

आमच्या घरामागं थोडं शेत आहे, एक म्हैस आहे. एका संध्याकाळी सासूबाई डोक्यावर हिरव्या चाऱ्याचा भारा घेऊन बांधावरून येत होत्या. बांध ओला होता. भारा एकदम डावीकडं कलला. त्यांनी हात वर केला नाही, वर पाहिलंही नाही. नुसती कंबर उजवीकडं काढली आणि चालत राहिल्या. भारा परत जागेवर.

मी भांडी घासता घासता थांबले. हा हट्ट नव्हताच तर. डोक्यावरचं इकडं कललं की अंग तिकडं टाकायचं, हे त्यांचं शरीर जन्मभर करत आलं होतं. पायी चालणाऱ्याला तेच बरोबर. गाडीवर बसल्यावरही शरीर आपलं काम करत होतं. मी मात्र कपबशा मांडत बसले होते.

भारा त्यांनी खाली टाकला तेव्हा मी म्हटलं, "आई, गाडीवर तुम्ही भारा सांभाळता. पण तिथं तुम्हीच भारा आहात. वाहणारी मी आहे."

त्या घाम पुसत विचारात पडल्या. "मंग भाऱ्यानं काय करा लागते?"

"काहीच नाही."

"तेच तं जमत नाही मले," त्या म्हणाल्या. मग भाऱ्याची दोरी सोडता सोडता, अगदी सहज, "पन भारा ढिला बांधला तं कोनीबी पडंन."

मागची दांडी त्या का धरायच्या हे मला ठाऊक होतं. सुनेच्या कमरेला हात घालणं त्यांना कसंसंच वाटायचं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोलू? लग्नाला इतकी वर्षं झाली, सणावाराला पाया पडण्यापलीकडं आम्ही एकमेकींना कधी हात लावलेला नव्हता. पण दांडी धरली की त्यांचं अंग वेगळं आणि माझं वेगळं, म्हणजे भारा ढिलाच. मला धरलं तर मी झुकेन तशा त्याही आपोआप झुकणार. दुसऱ्या दिवशी शाळेच्या मैदानात मी त्यांना मागं बसवलं आणि त्यांचा उजवा हात ओढून माझ्या पोटावर घेतला. पहिल्या दोन-चार फेऱ्यांना तो हात लाकडासारखा होता. मग सैल पडला. मैदानाच्या टोकाला गाडी वळली आणि माझ्या दंडाला काही जाणवलंच नाही. मला इतका आनंद झाला की मी उगीच आणखी एक फेरी मारली.

रविवारी आम्ही निघालो. मुरमाच्या वाटेला वळताना त्यांनी माझा ड्रेस मुठीत धरला, पण अंग माझ्यासोबत ठेवलं. सरळ अंगणात जाऊन उतरलो.

बहिणीची सून दारातच आली. पहाटे दुसरा झटका येऊन गेला होता, डॉक्टर येऊन गेल्यावर ती आम्हाला फोन लावत होती, तोवर आम्ही वाटेला लागलो होतो. बहीण खाटेवर होती. मोठ्या बहिणीला पाहून तिचा उजवा हात उठला. तोंडातून आवाज निघाला, पण त्यात शब्द नव्हता. तिनं पुन्हा जोर लावला, पुन्हा तसंच. सासूबाई उशाशी बसल्या, तो हात धरला आणि दिवसभर एकट्याच बोलत राहिल्या, माहेरचं, विहिरीचं, पडलेल्या लाडवांचं.

निघताना त्या स्कूटीजवळ येऊन उभ्या राहिल्या, बसल्या नाहीत.

"तीन रविवार मी भेऊन घरी बसली," त्या म्हणाल्या. "अन ते बोलत होती."

मी गाडी सुरू केली. त्या बसल्या, आपणहून हात माझ्या कमरेभोवती घातला आणि डोकं पाठीला टेकवलं. डांबरी रस्ता लागल्यावर त्यांनी विचारलं, "उद्या शाळा हाये का तुले?"

दुसऱ्या दिवशी सोमवार होता आणि नववीची चाचणी होती. सोमवारी शाळा असते हे त्यांनाही ठाऊक होतं.

"नाही," मी म्हटलं.