पाटी शेटने सांडली, गुन्हा माझ्यावर

बाजारात दुकानासमोर ठेवलेली माझी पाटी शेटने लाथाडली. पहाटे रानातून काढून आणलेली शेवळांची रानभाजी भर रस्त्यात पसरली. दोन रिक्षा अडल्या. मी वेचायला वाकले, तर दुकानाच्या पायरीवरून तो ओरडला, "उचल तुझा पाला, जंगली!" हवालदार आला. त्याने शेटकडे चहा घेतला आणि रस्ता अडवल्याचा गुन्हा माझ्यावर लिहिला.

मग कोर्ट. बाहेरच्या बाकावर तोच हवालदार माझ्या कानाशी लागला. "किरकोळ केस आहे. साहेब इथल्या इथे मिटवतात. नुसतं होय म्हण, दंड भर, घरी जा." बाजारात हा इतका गोड नव्हता. माझ्या मनात पाल चुकचुकली.

मी विचारलं, "होय म्हटल्यावर वरच्या कोर्टात जाता येतं का?"

तो हसला. "कबूल केलेला माणूस वर कशाला जाईल गो?"

शेजारी आई होती. "म्हण गो होय. मी तीनदा म्हटलंय. सायबाला नाय म्हणायचं नसतं."

आमच्या वाडीची ही सवय. खुर्चीवरचा माणूस काय विचारतो ते पुरतं ऐकायच्या आत आम्ही मान डोलावतो. आम्हाला वाटतं, आपण मान दिला. कागदावर त्याची कबुली होते. मला आईचा राग आला. स्वतःचाही आला, कारण माझीही मान तयारच होती.

पण मी अंगणवाडी मदतनिसाचा अर्ज भरला होता. तुमच्यावर कधी गुन्हा सिद्ध झाला आहे का, असा त्यात रकाना होता. हवालदाराच्या लेखी केस किरकोळ. माझी मात्र हाती येणारी नोकरी जाणार होती.

पुकारा झाला. न्यायाधीशांनी भराभर वाचलं. "गुन्हा कबूल आहे?"

"नाही साहेब. पाटी शेटने सांडली."

"मग खटला चालेल. तारखांना यावं लागेल."

"येईन."

त्यांचा आवाज सौम्य होता. मी त्यावरही भरवसा ठेवला नाही. काय लिहिलंय ते वाचायला मागितलं, मगच सही केली.

बाहेर येताच आईने मला थांबवलं. मग म्हणाली, "मंग मला पण नाय म्हणता आलं असतं?"

तीनदा ती गुन्हेगार ठरली होती, आणि हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आता वाडीत कुणालाही समन्स आलं की मी सोबत जाणार. मजुरी बुडाली तरी जाणार. कागद वाचून दाखवल्याशिवाय कुणाला होय म्हणू देणार नाही. आईला तर नाहीच.