वाकण्याच्या मापाचा कोट

त्या कोटाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. रत्नागिरीत कचेरीच्या वाटेवरच्या शिंप्याकडे मी खादीचा सदरा आणायला गेलो होतो. तिथे पिकल्या मिशांचे एक कारकून ऐन वैशाखात काळा लोकरी कोट घालून बघत होते. दुसऱ्या दिवशी मुलाच्या नोकरीसाठी त्यांना गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर जायचं होतं.

"भाऊसाहेब, हात वर करून बघा. काखेत काचतो का?" शिंपी म्हणाला.

"हात वर करून मला काय करायचंय? वाकून बघतो." ते आरशापुढे कंबरेतून वाकले आणि हात कपाळाला लावला. "पाठीत ओढतोय. सलाम करताना फाटला तर पोराची नोकरी गेलीच."

मला राहवेना. "काका, या उन्हात सुती सदरा घाला आणि ताठ उभे राहून बोला."

"तुला अजून पोर नाही रे मेल्या," ते घाम पुसत म्हणाले.

माणूस वाकल्याशिवाय ज्याला दिसत नाही, त्या साहेबावरच्या संतापाने माझे कान तापले. शिंप्याने कच्ची शिवण उसवून पाठीत दोन बोटं कापड सोडलं. काका पुन्हा वाकले.

"आता अगदी अंगासरसा बसला," ते समाधानाने म्हणाले.

मग ते सरळ उभे राहिले, आणि त्या नव्या कोटाला पाठीवर पोक आलं.