माळवदावरची तार

परळीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी मावशींचं बांगड्यांचं दुकान होतं. वर माळवदावर त्यांच्या हौशी रेडिओची, म्हणजे दूरच्या माणसांशी बोलायच्या हॅम रेडिओची, लांब तार ताणलेली असे. समोरच्याचं बोलणं संपलं तरी त्या क्षणभर थांबून मगच उत्तर देत. गिऱ्हाइकांना वाटे, मावशींना कमी ऐकू येतं. पण ती रेडिओची सवय होती; तिथं एका वेळी एकालाच बोलता येतं.

रोज सकाळी त्या सोलापूरच्या एका अंथरुणाला खिळलेल्या मास्तरांशी रेडिओवर बोलत. एकदा वावटळीत तार तुटली आणि ते बोलणं थांबलं.

शेजारचे कापडवाले म्हणाले, "मावशी, आता एसटीडी बूथ झालाय. कावून वर चढता?"

"फोन मास्तरांनी उचलायचा कुठं? त्यांच्या उशाला रेडिओच हाय."

दुकान बंद ठेवून त्या माळवदावर चढल्या. मी शिडी धरली, मग मीही वर गेलो. नवी तार ताणून त्यांनी तिला पुतण्यानं परदेशातून आणलेलं हातात धरायचं मोजयंत्र जोडलं. तारेची लांबी रेडिओच्या लहरींशी जुळली की त्याचा काटा एक या आकड्याजवळ येई. तो तीनवर होता.

"हातभर कापू का?" मी विचारलं.

"न्हाई बाबा. कापलेली तार वाढत न्हाई."

त्या बोटभर कापत, काटा बघत, पुन्हा कापत. ऊन चढलं तेव्हा काटा एकाशी टेकला.

खाली येऊन त्यांनी रेडिओवर मास्तरांना साद घातली. नुसती खरखर आली. त्यांनी पुन्हा घातली.

"मावशी," खरखरीतून बारीक आवाज आला, "रोज रेडिओ लावून वाट बघत होतो. काल मला खुर्चीत बसवलं!"

मावशी हसल्या. "लई झ्याक! आता सगळं सांगा, मास्तर. तार चांगली हाय."