दोन चापट्या

माझं तोंड फटकळ आहे, हे गल्लीत कुणालाही विचारा. शिवणकाम करता करता खिडकीतून सगळ्या जगाला शिस्त लावणारी बाई म्हणून मी प्रसिद्ध आहे. पण त्या वर्षी वहिनीवर मी जेवढी ओरडले, तेवढी कुणावरच ओरडले नसेन.

माझा दादा वजनकाटे दुरुस्त करतो. किराणा दुकानं, गिरण्या, भंगारवाले, दवाखाने, सगळीकडचे काटे त्याच्या हाताखालून गेलेले. मोठा काटा बिघडला की दुकानदार तो उचलून आणत नाही, दुरुस्त करणाऱ्यानंच जायचं असतं. म्हणून दादा मोटरसायकल चालवायचा आणि वहिनी मागे बसायची, मांडीवर वजनांची लाकडी पेटी घेऊन. दादा काटा खोलायचा, वहिनी एकेक वजन ठेवून आकडा बघायची. लग्न झाल्यापासून हेच.

रस्त्यावरही दोघं मिळून एकच माणूस. गाडीचे आरसे दादानं केव्हाच काढून टाकले होते. अरुंद दारांतून गाडी आत घेताना अडकतात म्हणे. "मागे बायको बसलीय, आरसा हवा कशाला?" हे वर तोंड करून सांगायचा. वळायच्या आधी वहिनी मागे बघायची आणि त्याच्या खांद्यावर चापटी मारायची. एक चापटी म्हणजे थांबा, काहीतरी येतंय. दोन चापट्या म्हणजे मोकळं आहे, चला. "अरे, हा काय पोरखेळ आहे का?" मी कितीदा तरी म्हटलं. पण ऐकतंय कोण!

मग दादा चौकटींना खांदे घासायला लागला. ताटाशेजारचा पेला रोज सांडायचा आणि पेला तिथे ठेवणाऱ्यावर चिडायचा. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, समोरचं स्वच्छ दिसतंय, पण बाजूचं विझत चाललंय. औषधानं आहे तेवढं टिकेल, गेलेलं परत यायचं नाही. गाडी चालवणं आजपासून बंद.

दादानं घरी येऊन किल्ली खिळ्याला अडकवली आणि खुर्चीत बसला तो बसलाच. नाकासमोरचा काटा त्याला अजून नीट जुळवता येत होता. पण काट्यापर्यंत पोचायचं कसं? रोज कुणाची गाडी मागायची? घरातला स्वयंपाकाचा छोटा काटा, ज्याला काही झालेलं नव्हतं, तो त्यानं खोलला, लावला, परत खोलला. मला बघवेना. हा माणूस कामावर गेला नाही तर खुर्चीतच संपणार, हे मला आणि वहिनीला दोघींनाही कळत होतं.

वहिनीनं जेवताना सांगितलं, "मी शिकते चालवायला."

"तू?" दादाचा घास हातातच राहिला.

"मग काय शेजारच्यांना बोलावू?"

"अगं, निदान बिनगिअरची छोटी स्कूटर तरी घे," मी म्हटलं.

"आणि दारात गाडी उभी आहे तिचं काय लोणचं घालू, वन्सं?"

वहिनी एरवी हळू बोलणारी. अशी बोलली की समजायचं, विषय संपला.

शिकाऊ परवाना निघाला आणि तिनं ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना गाठलं. मास्तर किडकिडीत, पण आवाज असा की मैदानावरची कुत्रीसुद्धा रांगेत उभी राहावीत. पहिल्या दिवशी ती दादाचं हेल्मेट घालून गेली. मास्तरांनी ते धरून हलवलं, तर हेल्मेट फिरलं आणि वहिनी होती तशीच. "हे हेल्मेट नाही, टोपलं आहे," ते म्हणाले. "गाल दाबले गेले पाहिजेत, पट्टा हनुवटीखाली घट्ट बसला पाहिजे. आणि या चपला? उद्या बूट नसतील तर गाडीला हात लावायचा नाही." मग तिच्या मापाचं हेल्मेट आलं, बूट आले, आणि मी जाड कापडाचं जाकीट शिवलं, कोपरांवर दुहेरी अस्तर घालून. कापताना बडबडत होते, पण शिवलं झकास.

बाई शिकली मात्र भराभर. क्लच हळू सोडणं, दोन्ही ब्रेक मिळून दाबणं, आठाचा आकडा काढताना चाकाकडे न बघता जायचंय तिकडे बघणं, सगळं जमलं. मोकळ्या मैदानावर मागून येणारं कुणी नसायचं, म्हणून आरशांचा विषयच निघाला नाही; मास्तर लांबून पाहायचे आणि मान डोलवायचे. परीक्षेला मी तिच्याबरोबर हसत हसत गेले.

परीक्षा घेणारे साहेब खुर्ची टाकून बसले होते. वहिनीनं आठाचा आकडा काढला, पाय टेकला नाही. साहेबांनी ब्रेक मारायला सांगितला, तो मारला. मग शेवटचं, कोपऱ्यावर थांबून वळून परत यायचं. वहिनी कोपऱ्यावर गेली, इंडिकेटर लावला, थांबली. आणि थांबलीच. इंडिकेटर टिकटिक करतोय, गाडी गुरगुरतेय, बाईसाहेब पुतळ्यासारख्या समोर बघतायत. शेवटी साहेब उठून तिच्याजवळ गेले.

"बाई, कुणाची वाट बघताय?"

"चापट्यांची," वहिनी म्हणाली. तोंडून गेल्यावर तिनं जीभ चावली.

साहेबांनी नापास केलं, आणि ते बरोबरच होतं. म्हणाले, "मागे कुणी नसताना मागचं कोण बघणार? आरसे लावा, मान वळवायला शिका आणि मग या."

घरी येताना मी तिला फाडून खाल्लं. एवढी साधी गोष्ट! ती मुकाट ऐकत होती. मग म्हणाली, "वन्सं, मागे बसले की मी बघते. पुढे बसले की वाटतं, आता बघणारं माणूस मागे आहे." तिचे डोळे भरून आले होते. मी ओरडणं थांबवून रुमाल पुढे केला.

दुसऱ्या दिवशी आरसे बसवले. मी माझ्या चिंध्यांतून लाल, पिवळे, निळे तुकडे घेतले आणि मैदानावर गेले. ती गाडीवर, मी मागे. मी एक तुकडा वर धरायचा, तिनं आरशात बघून रंग ओरडायचा. "लाल! पिवळा! परत पिवळा!" मैदानावर खेळणारी पोरं आम्हाला बघून खो खो हसत होती, हसू देत. मग मास्तरांनी मला गाडीच्या अगदी बाजूला, जरा मागे उभं केलं. मी निळा तुकडा नाचवला. वहिनी दोन्ही आरशांत बघून म्हणाली, "कुणीच नाही."

"अगं, मी इथे एवढी धडधडीत उभी आहे!"

"कळलं?" मास्तर म्हणाले. "आरसा सगळं दाखवत नाही. आधी आरसा, मग मान, मग गाडी." त्यानंतर घरात स्वयंपाक करतानाही ती वळायच्या आधी मान फिरवायची. मी दूध घेऊन मागून आले की आधी बघायची, मग कढई उचलायची.

दुसऱ्या वेळी पास झाली. दादानं परवाना डोळ्यांसमोर अगदी सरळ धरला, फोटो बघितला आणि म्हणाला, "फोटोत रागावलेली दिसतेस." खूश होता मनातून. लगेच पेटी घेऊन निघायच्या तयारीत.

पण मास्तरांनी बजावलं होतं, हात बसेपर्यंत मागे कुणी नाही आणि जड ओझंही नाही. वहिनीनं ते अक्षरशः पाळलं. एकटी जायची, जवळच्या दुकानांतले छोटे काटे घेऊन यायची, दादा घरी दुरुस्त करायचा. सकाळी गर्दी व्हायच्या आत आमच्या कोपऱ्यावरून मोठ्या रस्त्याला लागायचा सराव करायची. तो कोपरा वाईट आहे. एका बाजूला भिंत, गाडी अगदी जवळ आली की मगच दिसते.

शेवटी दादाला मागे बसवायचा दिवस ठरला. आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "पुढचं तू बघ. मागचं, बाजूचं मी सांगेन. आपलं नेहमीचं. एवढं तर अजून जमतं मला."

आणि वहिनी म्हणाली, "बरं."

माझं टाळकंच फिरलं. तिला स्वयंपाकघरात ओढली. "वेडी आहेस का तू? त्याला बाजूचं दिसत नाही म्हणून तर हे सगळं केलं! त्याच्या चापटीवर तू गाडी काढणार?"

"उद्या बघू, वन्सं," म्हणून ती भांडी लावायला लागली. मी रात्रभर तळमळले. दादाचं मन राखायला ही बाई काहीही करेल, ही माझी भीती.

सकाळी मी खिडकीत मशीनपाशी बसले, पण सुईत दोरा काही जाईना. खाली दादानं पेटी मांडीवर घेतली आणि कण्हला. "अगं, केवढी जड आहे ही! इतकी वर्षं बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?" वहिनीनं पट्टा लावला, गाडी सुरू केली.

कोपऱ्यावर दोघं थांबली, बरोबर माझ्या खिडकीखाली. दादानं मान इकडे तिकडे केली आणि तिच्या खांद्यावर दोन चापट्या मारल्या. ठाम, जोरात. वरून मला भिंतीपलीकडून पाण्याचा टँकर येताना दिसत होता. ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. माझा आवाज!

वहिनीनं आरसा बघितला. मान वळवली. हलली नाही.

दादानं वैतागून परत दोन चापट्या मारल्या. "अगं, मोकळं आहे!"

टँकर धाडधाड करत त्यांच्या पुढून गेला. दादाच्या शर्टाची बाही फडफडली. त्याचा हात तिच्या खांद्यापाशी तसाच अधांतरी राहिला.

"मला दिसला नाही," तो म्हणाला.

"ठाऊक आहे मला."

"मग काल बरं का म्हणालीस?"

"हात खांद्यावर असावा म्हणून. बघते मीच." वहिनी समोर बघतच म्हणाली. "तुमचा हात नसला की मला रस्त्यावर एकटं एकटं वाटतं हो."

दादानं हात मागे घेतला आणि दोन्ही हातांनी पेटी धरून बसला. वहिनीनं परत आरसा बघितला, परत मान वळवली. रस्ता लांबपर्यंत मोकळा होता. तरी गाडी जागची हलेना.

"आता काय झालं?" दादानं विचारलं. "येतंय का काही?"

"काही नाही. मी बघितलंय."

"मग निघ की."

"चापट्या राहिल्या."

मी वरून बघत होते. दादानं पेटीवरचा एक हात सोडला, तिचा खांदा नीट चाचपून शोधला, आणि अगदी हळू दोन चापट्या मारल्या. वहिनीनं गिअर टाकला.