लाडाचं झाड

माझा धाकटा भाऊ नगरपालिकेच्या टँकरवर कामाला. दिवसभर रस्त्याकडेच्या झाडांना पाणी घालायचं ही नोकरी, आणि घरी आलं की दारातल्या झाडाला पाणी घालायचं हा छंद. रोज तांब्याभर, न चुकता. मी म्हणायचे, "अरे, बायकोलाही कधी विचार, चहा घेतेस का म्हणून!" भावजय आतून हसायची. "राहू द्या हो वन्सं, सवतीचा मान मोठा!"

हसायची खरी, पण त्या झाडावाचून तिचं चालणारं नव्हतं. हृदय अधू, खोली पत्र्याची. डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला उन्हाची झळ लागता कामा नये. झाडाची सावली दुपारभर पत्र्यावर असायची, म्हणून तर तो त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपायचा.

यंदा पाऊस नाही म्हणजे नाहीच. टँकर माणसांनाच पुरेना, तिथे झाडांना कोण विचारतो? भावाचा रोजचा तांब्याही बंद झाला. समोरच्या झाडाला जन्मात कुणी थेंब घातला नव्हता. त्यानं सगळी पानं टाकली आणि बोडकं होऊन गपगार उभं राहिलं. साल नखानं खरवडली तर आत हिरवी. आमच्या लाडोबाची पानं मात्र फांदीवरच करपली.

भावानं बुंध्याशी खणून पाहिलं. मुळं सगळी वरच्या वर पसरलेली, खोल एकही गेलेलं नाही. तो तिथंच मटकन बसला.

"ताई, रानात झाडाला कोण पाणी घालतं गं? तहान लागते म्हणून मूळ खाली जातं, ओल शोधतं. मी याला तहान लागूच दिली नाही."

एरवी मी त्याला सोडला नसता. पण त्याचं तोंड बघून जीवच तुटला माझा.

पत्रा तापायला लागला. त्यानं जुन्या साड्या, चादरी जोडून वाळल्या फांद्यांना बांधल्या आणि पत्र्यावर सावली धरली. स्वतःच्या अंघोळीचं पाणी त्यांच्यावर शिंपडायचा. भावजयीला मोतीबिंदू, खिडकीतून तिला नुसतं काहीतरी हलताना दिसायचं. झाड मेलं हे आम्ही तिला सांगितलंच नाही. कोणत्या तोंडानं सांगणार?

एका दुपारी तिला फार धाप लागली. मी वारा घालत होते, भाऊ तिचे पाय चोळत होता. खिडकीकडे बघत ती म्हणाली, "अहो, गल्लीतली झाडं वाळली म्हणतात. तुम्ही पाणी घातलंत म्हणून आपलं तेवढं राहिलं. त्यानंच तारलं बघा मला."

"हो," भाऊ म्हणाला. मान काही वर केली नाही.

संध्याकाळच्या आत ती गेली. माणसं जमली. न्यायला वाट हवी म्हणून शेजारचा दारावर लोंबणाऱ्या साड्या सोडायला लागला, तसा भावानं धावत जाऊन त्याचा हात धरला.

"ती घरात आहे तोवर राहू द्या."