व्हर्लिनचं महागडं पिस्तूल

व्हर्लिन हाउगेन आयुष्यभर एकच वाद घालत आला. हाताने घडवलेलं महागडं पिस्तूल घेणं म्हणजे पैशाचा चुराडा, हा तो वाद. मोंटानाच्या पूर्व टोकाला माझं बंदुकांचं दुकान आहे, वडिलांनी काढलेलं. तिथे माझ्याच गल्ल्याला टेकून, माझीच कॉफी पीत, तो माझंच गिऱ्हाईक फोडायचा.

“अगं डोरीन, कशाला लोकांच्या गळ्यात मारतेस असले दागिने? गोळीला किंमत कळत नाही.”

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ते दुकानाच्या पाटीवरच रंगवून घ्यावं असं वाटायचं.

एरवी तो अबोल. सहकारी संस्थेत कापणीयंत्रं दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. उंच, खांद्यात जरा वाकलेला, नखांत कायमचं ग्रीस. शनिवारी सकाळी माजी सैनिकांच्या सभागृहाच्या तळघरात आमची नेमबाजी चालते. एक हात खिशात, दुसऱ्या हातात पिस्तूल, समोर कागद. व्हर्लिनचं पिस्तूल कारखान्यातलं, साधं, मुठीला कापडी पट्टी गुंडाळलेली. शेजारी ऑर्व्हिल टॉल्स्टाड उभा राहायचा. हा गुरांच्या बाजारात लिलाव पुकारतो आणि घरीही त्याच आवाजात बोलतो. त्याच्याकडे पेटिटचं पिस्तूल. पेटिट म्हणजे आयडाहोत एकटाच काम करणारा कारागीर. कानस मारत मारत एकेक भाग बसवतो. तरी बहुतेक शनिवारी व्हर्लिनच पुढे असायचा.

“काय रे ऑर्व्हिल, तुझ्या पिस्तुलाने आज रजा टाकली का?”

“गप बस. तुझ्या ट्रॅक्टरपेक्षा महाग आहे ते.”

“असेल. माझा ट्रॅक्टर चालतो.”

व्हर्लिनची बायको आर्लिस बाकावर बसून गुण मोजायची. बटाट्याच्या पातळ पोळ्या, आमच्याकडच्या लेफ्से, लोणी-साखर लावून आणायची, आणि दोघांची जुंपली की एकेक हातात कोंबायची. “तोंडं बंद ठेवायची असतील तर खा,” म्हणायची.

शरद ऋतूत एका सकाळी आर्लिस उठलीच नाही.

व्हर्लिन रडला नाही. लोकांनी जेवणाची भांडी आणून दिली, ती त्याने घासून, पुसून, ज्याची त्याला परत केली. माझ्या भांड्याची कडी सैल होती, ती घट्ट करून दिली. “आभार,” म्हणाला आणि गेला. त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मला तेव्हाच ते आवडलं नव्हतं, पण काय बोलणार?

दफनानंतर ऑर्व्हिल त्याच्याकडे गेला आणि म्हणाला, “कपाटातल्या बंदुका काही दिवस माझ्याकडे ठेवतो.” आमच्याकडे हे करतात. घरात माणूस एकटा पडला की मित्र येतो आणि बंदुका घेऊन जातो. तो का नेतोय ते सांगत नाही, दुसरा विचारत नाही. व्हर्लिनने स्वतः त्या ट्रकमध्ये चढवायला हात लावला. शनिवारचं येणं मात्र त्याने सोडलं.

हिवाळ्यात, बर्फ गुडघाभर असताना, तो दुकानात आला. बूटही झटकले नाहीत.

“एक पिस्तूल हवंय.”

“तुझं ऑर्व्हिलकडे आहे की.”

“असू दे तिथे.”

“कुठलं दाखवू?”

“कुठलंही. स्वस्तातलं.”

मी एक काढून त्याच्यापुढे ठेवलं. आता, आमच्यातला कुणीही माणूस पिस्तूल दिसलं की आधी उचलतो, वरचा सरकता भाग मागे ओढतो आणि आत गोळी नाही ना ते डोळ्यांनी बघतो. दुकानदाराने आत्ताच तपासलेलं असलं तरी बघतो. व्हर्लिन तर चाप तीनदा ओढून नाक मुरडल्याशिवाय कधी ‘नको’सुद्धा म्हणाला नव्हता. त्या दिवशी त्याने हात लावला नाही. घरी न्यायच्या पावाकडे बघावं तसं बघितलं.

“काडतुसं किती?” मी विचारलं.

“छोटा डबा पुरे.”

हा माणूस काडतुसं खोक्यांनी घ्यायचा. मी पिस्तूल उचललं, आत ठेवलं आणि कुलूप लावलं.

“हे विकायचं नाहीये.”

“पैसे आणलेत मी.”

“आणले असशील. दुकान माझं आहे. कुणाला विकायचं ते मी ठरवते.”

तो उभाच राहिला. भांडला असता तर बरं वाटलं असतं. आमच्या गावात माणसं गव्हाचं विचारतात, गुडघ्याचं विचारतात. हे कुणी विचारत नाही. पण मला भीती वाटली होती, आणि भ्यायले की मी फटकळ होते.

“व्हर्लिन, जीव द्यायचा विचार आहे का?”

तो खिडकीकडे बघत राहिला. “ठरवलेलं नाही काही,” म्हणाला. “दुःखसुद्धा होत नाहीये, डोरीन. थंडीत बोट बधिर झालं की हातोडी बसली तरी कळत नाही ना, तसं आहे. सगळंच.”

समजूत घालण्यात मी अगदीच कच्ची. दाराला कडी घातली, त्याच्यासाठी कॉफी ओतली, ऑर्व्हिलला फोन करून एवढंच म्हटलं, “ये. आत्ता.” मग काहीतरी बोलायचं म्हणून बोलले,

“घ्यायचंच असेल तर पेटिटचं घे.”

इतक्या वेळात पहिल्यांदा त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. “पेटिटचं? चौपट किंमत.”

“मग?”

“मग काय? चौपट देऊन मिळतं काय? कानशीने घासून घट्ट बसवतो, मान्य. हात कापरा असला तर घट्ट बसवून काय उपयोग?” आवाज सपाट होता, पाठ केलेलं म्हणत असल्यासारखा. पण म्हणत होता. “आणि वर वर्षभर थांबायचं. कधी कधी जास्तच. पैसे देऊन वर वाट बघायची.”

“मग बघ की वाट. तुला काही घाई आहे का?”

त्याने कप उचलून एक घोट घेतला. “नसावी,” म्हणाला.

तेवढ्यात ऑर्व्हिल बर्फातून धापा टाकत आला. लिलाव पुकारणारा माणूस, पण त्या दिवशी शब्द फुटेना. शेवटी म्हणाला, “चल, माझ्याकडे जेवायला. नाही म्हणालास तर खांद्यावर टाकून नेईन, आणि माझी कंबर गेली तर तुझ्या माथी.” रात्री त्याला स्वतःकडेच ठेवून घेतलं. सकाळी तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेलं. पुढे व्हर्लिन तिकडे दर आठवड्याला जायला लागला. काय बोलायचा कोण जाणे.

मी मात्र त्याचा पंजा वेष्टणाच्या कागदावर ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ काढली आणि पिस्तुलाच्या मागणीबरोबर पेटिटला पाठवली. पेटिट त्याच्याशिवाय काम घेत नाही. त्याची आणखी एक तऱ्हा आहे, तिच्यापायी माझी निम्मी गिऱ्हाइकं वैतागतात: तो एक भाग झाला की फोन करून विचारतो, आणि उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्याला हात लावत नाही. फोन गुरुवारी.

पहिल्याच गुरुवारी त्याने विचारलं, “मूठ जाड हवी की बारीक?”

“कशीही चालेल,” व्हर्लिन म्हणाला.

“‘कशीही’ मला बनवता येत नाही. विचार करा, पुढच्या गुरुवारी बोलू.” आणि त्याने फोन ठेवला.

पुढच्या गुरुवारीही तेच. त्यानंतर व्हर्लिन दुकानात आला तो बूट आपटतच. “हा माणूस आहे का गोंद? चिकटलाय नुसता. मूठ कशी हवी, मूठ कशी हवी! मला काय माहीत?”

“तळघरात जाऊन ऑर्व्हिलचं धरून बघ, आम्ही दोघं असू तिथे,” मी म्हटलं. त्याचा वैताग ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी पाठ फिरवून शेल्फ पुसत बसले.

तो शनिवारी आला. बारीक मूठ हवी असं ठरलं. मग चाप किती हलका, मग नेम धरायची नळीवरची माशी काळी की पितळी. प्रत्येक गोष्टीवर कुरकुर, प्रत्येक गोष्टीला उत्तर. तो फोनवर पेटिटला आयडाहोच्या प्रसिद्ध बटाट्यांवरून टोमणे मारतो, असं एकदा ऑर्व्हिलने ऐकलं. व्हर्लिन बरा झाला असं मी म्हणणार नाही. आर्लिसच्या जागी बाकावर कुणाला बसू देत नसे, आणि बोलता बोलता मधेच थांबला की परत सुरू व्हायला वेळ लागायचा.

पिस्तूल पुढच्या वर्षीच्या वसंतात आलं. शनिवारी तळघरात व्हर्लिनने ते उचललं, आत बघितलं, वरचा भाग हाताने धरून हळूच पुढे आणला. हाताने बसवलेल्या पिस्तुलाचा तो रिकामा आपटायचा नसतो, त्याने काम खराब होतं. जन्मभर ज्याला नावं ठेवली त्याच्याशी इतक्या मायेने वागला. मग नेम धरून गोळ्या झाडल्या. कागद आणून गुण मोजले. त्याच्या जुन्या पिस्तुलाने जेवढे पडायचे तेवढेच गुण.

ऑर्व्हिलला कोण आनंद. “काय मग? चौपट पैसे वसूल?”

“पिस्तुलाचे? छे. सांगत नव्हतो का, गोळीला किंमत कळत नाही.”

पिस्तूल पुसून त्याने पेटीत घातलं आणि पेटी माझ्या हातात दिली. “घरी नको. तुझ्या तिजोरीत राहू दे. शनिवारी येईन.”

मी मान हलवली. तो जिना अर्धा चढला आणि थांबला.

“पेटिटला सांग, चाप जरा जड वाटतोय.”

दुकानात आल्यावर मी चाप ओढून बघितला. पुन्हा बघितला. त्यात काही म्हणजे काही खोट नव्हती. मी आयडाहोला फोन लावला.

“चाप जड आहे म्हणतो,” मी म्हटलं.

“किती जड?” पेटिटने विचारलं.

“ते त्यालाच विचारा,” मी म्हटलं. “गुरुवारी.”